दोघींनी मोजायचं घर

ड्रॉइंगच्या पहिल्याच शीटवर मी अर्धा ठोकळा काढला होता.

सरांनी पुढच्या टेबलावर एक लाकडी ठोकळा ठेवला होता. मधोमध आरपार भोक, दोन्ही बाजू अगदी सारख्या. समोरून जसा दिसतो तसा मापात उतरवा, म्हणाले. मी बोर्डावर शीट ताणून बसवली, पेन्सिलीला टोक केलं, एक उभी रेघ मारली आणि तिच्या उजव्या अंगाला अर्धा ठोकळा काढला. उभ्या रेघेला लागून बारीक अक्षरात 'घडी' असं लिहिलं. बाहेरच्या कडेला अर्धा इंच जास्तीचा सोडून एक तुटक रेघही मारली. माझं सगळ्यांच्या आधी झालं, म्हणून मोठ्या ऐटीत बसून राहिले. सर आले, वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ताई, बाकीचा ठोकळा कुठं आहे?"

"बाकीचा तसाच तं आहे सर. दुमडला का निघते."

वर्ग हसला. नुसता हसला नाही, मागच्या टेबलावरचा एक जण हसता हसता स्टुलावरून घसरला. माझं चुकलं काय ते मला आधी कळेचना. अर्धं आयुष्य मी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत आले. ब्लाउजची पाठ कोणी पूर्ण आखत नाही. कापड दुमडायचं, घडीच्या बाजूनं अर्धी पाठ आखायची, कापायची आणि उघडायची. दुसरा अर्धा भाग आपोआप हातात येतो. कडेला शिवणीसाठी थोडं जास्तीचं कापड ठेवायचं, तीच माझी तुटक रेघ. लाकडाला शिवण नसते हे मला माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं.

सरांनी शीट परत दिली आणि पूर्ण काढायला सांगितलं. माणूस भला होता, माझ्यापेक्षा वयानं लहान, म्हणून मला ताई म्हणायचा. पोरांनी मात्र त्या दिवसापासून माझं नाव 'अर्धी काकू' ठेवलं. तोंडावर काकू, माझी पाठ वळली की अर्धी काकू. मला ऐकू येतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी तिथं का गेले होते ते आधी सांगून टाकते. मी शिकायला गेले नव्हते. मी बोलायला गेले होते.

यवतमाळात आमचं दोन खोल्यांचं आणि एका स्वयंपाकघराचं घर आहे. त्यात मी आणि आई राहायचो. माझं लग्न जमलं नाही. एका वयापर्यंत जमेल असं सगळे म्हणत, मग तो विषयच निघेनासा झाला. आई दिवसभर बोलायची. मी मशीनवर, ती शेजारी काज-बटण करत. तिच्या बोलण्याला शेंडा-बुडखा नसायचा, आणि मी बऱ्याचदा 'अवं, दोन मिनिटं गप बस ना' म्हणायची. मग ती गेली. गल्लीतल्या विहारातल्या बायका पुण्यानुमोदनाला आल्या, जेवल्या, चार दिवस डबे दिले आणि आपापल्या घरी गेल्या. त्यांचंही बरोबर आहे, कोण किती दिवस बसणार.

त्यानंतर एकदा संध्याकाळी दूधवाल्याला 'ठेव' म्हटलं तर माझा आवाज घोगरा निघाला. मला वाटलं घसा धरला. मग लक्षात आलं, सकाळपासून तोंडच उघडलं नव्हतं. गिऱ्हाईकं तरी कुठं राहिली होती? तयार ब्लाउज आता बाजारात ढिगानं मिळतात. यायच्या त्या म्हाताऱ्या बायका, त्याही नमुन्याचा ब्लाउज पिशवीत घालून पाठवायच्या आणि फोनवर सांगायच्या.

अशात शेजारच्या बाईचा मुलगा आयटीआयचा अर्ज भरायला बसला होता. त्याच्या मोबाइलवर वाचलं, वयाची वरची अट नाही. मी बारावी पास. दुसऱ्या दिवशी नुसतं पाहायला म्हणून गेले. शिवणकामाचा ट्रेड होताच, सगळ्यांनी तोच सुचवला. खिडकीतून डोकावले तर तिथं सगळ्या जणी आपापल्या मशीनवर मान खाली घालून बसलेल्या. ते मी घरी करतच होते. पुढच्या खिडकीत उंच तिरकी टेबलं होती आणि पोरं-पोरी उभ्या राहून एकमेकांच्या बोर्डावर वाकत होत्या. 'रबर दे', 'तुझी रेघ तिरकी आहे', 'हे माप कुठून आणलं' असा नुसता कलकलाट. दारावर पाटी होती, ड्राफ्ट्समन सिव्हिल. घराचे नकाशे काढायला शिकवतात, असं शिपायानं सांगितलं. मी अर्जात तेच लिहिलं.

मला वाटलं होतं, त्या कलकलाटात एक आवाज माझाही मिसळेल. पण झालं भलतंच. पहिल्या दिवशी मी वर्गात पाय टाकला तर सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, नवीन मॅडम. मी मागच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले तेव्हा ते खाली बसले, आणि आपण उगाच उठलो याचा राग त्यांच्या तोंडावर दिसत होता. पुढं त्यांना सवय झाली, तरी मी जवळ आले की हसणं बंद व्हायचं. कोणी कोणाला शिवी देत असेल तर अर्धी गिळायचा. पोरी एकमेकींना काही सांगत असतील तर मोबाइल उलटा करून ठेवायच्या. त्यात वाईट काही नव्हतं. आईसमोर पोरं जशी वागतात तशी ती वागत होती. फक्त मी कोणाचीच आई नव्हते.

गणवेश सगळ्यांना सारखा. आकाशी कुर्ता, गडद सलवार, मी घरीच शिवलेला. पोरींना माझ्या कुर्त्याची बसण आवडली. एक आली, "काकू, माहा कुर्ता थोडा आत घेऊन देता काय?" मग दुसरी आली. मग पोरंही पँट घेऊन यायला लागली. मी घेतलं सगळ्यांचं. माप घेताना, परत देताना चार शब्द व्हायचे. कुठल्या गावचा, घरी कोण आहे, जेवायचं काय करतोस. काम झालं की बोलणं संपलं. कॉलेजात येऊनही मी गिऱ्हाईकंच गोळा केली, असं म्हणून मी एकदा एकटीच हसले होते. मधल्या सुट्टीत सगळे फाटकाबाहेर आलुबोंडा खायला जायचे. मी बोर्डाजवळ डबा उघडायची. चल म्हणायचं कोणाला सुचलं नाही, आणि मीही येते का विचारलं नाही. माझाही ताठा काही कमी नाही.

शिकणं मात्र हळूहळू अंगात भिनत गेलं, माझ्या नकळत. ठोकळा समोरून, वरून आणि बाजूनं कसा दिसतो ते तीन ठिकाणी काढायचं असतं, आणि शीटवरच्या तीन आकृत्यांवरून ठोकळा डोळ्यांपुढं आणायचा असतो. हे मला काही केल्या जमेना. कापडाला जाडी नसते. मी सगळं आयुष्य सपाट गोष्टींशी घालवलं होतं. शेवटी मी धुण्याच्या साबणाची वडी घेतली आणि चाकूनं तसा ठोकळा कोरून काढला. पायऱ्या, खाच, भोक सगळं. तो हातात फिरवला तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. पुढं मी प्रत्येक आकृतीसाठी एक वडी कोरायला लागले. घरात धुणं म्हणजे माझ्या एकटीचे कपडे, त्यामुळं साबण संपता संपेना. न्हाणीच्या कट्ट्यावर भोकाचे, पायऱ्यांचे, उतरत्या छपराचे साबण रांगेनं ठेवलेले. आई असती तर तिनं त्यावर महिनाभर तोंडसुख घेतलं असतं. कोणाला तरी दाखवावे असं फार वाटायचं.

दुसऱ्या वर्षी कॅड आलं, म्हणजे तेच सगळं कंप्युटरवर. मशीन कमी आणि आम्ही जास्त, म्हणून सरांनी जोड्या करायला सांगितल्या. लग्नाच्या पंगतीत जागा धरावी तशा क्षणात जोड्या धरल्या गेल्या. उरलो दोघी. मी, आणि महागावच्या पलीकडच्या एका तांड्यावरून आलेली एक मुलगी.

ती मुलींच्या हॉस्टेलात राहायची. वर्गात फार बोलायची नाही. मराठी बोलताना शब्द तोलून टाकायची, पण घरी फोन लावला की तिच्या बोलीत अशी सुसाट सुटायची की ही तीच का असं वाटावं. त्या बोलण्यातला मला एकच शब्द कळायचा, याडी, म्हणजे आई. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि खुर्ची थोडी लांब सरकवली.

माउस माझ्या हातात ठरेना. मी बाण उजवीकडं न्यावा तर तो पडद्याच्या टोकाला जाऊन लपायचा. तिचं उलटं होतं. माउस तिच्या हातात लोण्यासारखा चालायचा, पण कीबोर्डवर एकेक अक्षर शोधताना ती रडकुंडीला यायची. पहिल्याच आठवड्यात आमचं न ठरवता ठरून गेलं. माउस तिच्याकडं, कीबोर्ड माझ्याकडं. ती म्हणायची, "लाइन." मी अक्षर दाबून एंटर मारायची. ती टोक धरायची आणि म्हणायची, "काकू, तीन हजार." मी मिलिमीटरमधला तो आकडा टाकायची, भिंत पडद्यावर उमटायची. एका माणसाचे दोन हात असावेत तसं आमचं चालायचं. सरांनी एक-दोनदा हटकलं, की परीक्षेत वेगवेगळं बसायचं आहे, आलटून पालटून करा. आम्ही मान डोलवायचो. थोडा वेळ अदलाबदल करून पाहायचो, एकमेकींची फजिती व्हायची, आणि सर पुढं गेले की आपापल्या जागी परत.

एक दिवस सरांनी मिररची आज्ञा शिकवली. दोन्ही बाजू सारख्या असतील तर अर्धंच काढायचं आणि मधली रेघ दाखवायची, बाकीचं अर्धं मशीन काढून देतं. सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळा वर्ग वळून माझ्याकडं पाहायला लागला. मागून एक जण ओरडला, "काकू, हे तं तुमचंच आहे!" मी म्हटलं, "मंग! मी कवाची सांगून राह्यली." या खेपेला हसणाऱ्यांत मीही होते. मोठ्या जोमानं मी आज्ञा टाकली. शेवटी मशीन एक प्रश्न विचारतं, मूळ आकृती पुसून टाकू का? मी घाईत हो म्हणून बसले. दुसरा अर्धा भाग आला आणि पहिला गायब.

"काकू, मूळच खाऊन टाकलं ना तुमी!" शेजारची मुलगी म्हणाली आणि तोंडावर हात धरून हसत सुटली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. सुट्टीत ती फाटकाबाहेर निघाली, दोन पावलं गेली, वळली आणि म्हणाली, "चला ना काकू." डबा तसाच ठेवून मी गेले.

त्या आलुबोंड्याच्या गाडीजवळ तिनं मला घरचं सांगितलं. आजी, आईवडील, काका-काकू आणि पोरांची रांग, सगळे दोन खोल्यांत. मग हॉस्टेलचं सांगितलं. नळाला पाणी मोजकंच येतं, मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते, खिडकीची काच फुटलेली आहे आणि थंडीत वारा थेट अंगावर येतो. ती सांगत होती आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. माझ्याकडं आईची खोली रिकामी आहे.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. तिनं माझ्याकडं राहायला यावं. इतकी साधी गोष्ट, पण ती तिला कशी म्हणायची यावर मी मशीनवर बसून तासन्‌तास विचार केला. पैशाचा विषय काढायचाच नाही. एकटीला भीती वाटते असं म्हणायचं नाही, कारण भीती वाटत नाहीच. 'तुले बरं पडल' असं म्हणायचं. सकाळी दोघींनी सोबत निघायचं, संध्याकाळी सोबत यायचं. ती त्या खोलीत फोनवर तिच्या बोलीत बोलेल आणि मला एक शब्द कळणार नाही, तरी चालेल. आवाज तर येईल. मी त्या खोलीतली कापडांची गाठोडी काढली, गादी उन्हात टाकली, उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाचा पडदा शिवून खिडकीला लावला. चादर नवी आणली. आई गेल्यापासून त्या खोलीचं दार मी झाडायपुरतं उघडत होते, तेही पाठ फिरवून. आता दिवसातून दोनदा जाऊन उभी राहायची.

कॉलेजात मात्र जीभ रेटेना. लाइन, एंटर, तीन हजार, एवढंच बोलणं व्हायचं. माझ्यासारख्या बाईनं एका पोरीला काही विचारायला इतकं घाबरावं, याची माझी मलाच चीड येत होती.

मग प्रोजेक्ट आलं. जोडीनं एक खरं घर टेप लावून मोजायचं आणि त्याचा नकाशा कॅडवर काढायचा. ती म्हणाली, "आमचं तांड्यावरचं लय लांब पडते काकू." मी इतक्या पटकन 'माहं आहे ना' म्हटलं की ती दचकली.

ती रविवारी आली. मी सकाळीच पातोड्या थापून ठेवल्या होत्या, रस्सा उकळत होता, सगळ्या घरात खोबऱ्याचा आणि खसखशीचा वास. कॉलेजातली लांब टेप खांद्यावर टाकून ती दारात उभी राहिली. किती दिवसांनी कोणी आमच्या उंबऱ्याबाहेर चपला काढत होतं. आधी जेव म्हटलं तर म्हणाली, आधी मोजू.

मोजण्याची सरांची एक पद्धत होती. ज्याच्या हातात टेपचा डबा, त्यानं माप मोठ्यानं सांगायचं. दुसऱ्यानं ऐकून ते तसंच मोठ्यानं परत म्हणायचं आणि मगच लिहायचं, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. टेपचं टोक तिनं भिंतीला दाबून धरलं, वही गुडघ्यावर. डबा घेऊन मी समोरच्या भिंतीपर्यंत गेले आणि टेप वाचली. तिनं येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. टेप आणि भिंत यांच्यामध्ये मी दोन बोटं घातली होती. छातीचं माप घेताना आम्ही घालतो तशी, ढिलाई राहावी म्हणून.

"काकू, टेप ताणून धरजा. भिंत काई श्वास घेत नाई."

आम्ही दोघी हसलो. मग ओसरी झाली, समोरची खोली झाली, स्वयंपाकघर, न्हाणी झाली. न्हाणीत तिनं साबणांची रांग पाहिली, एकेक उचलून फिरवला आणि कौतुकानं म्हणाली, "हे तं आपले सगळे ठोकळे आहेत!" मी सांगायची, ती परत म्हणायची. दाराची रुंदी, खिडकीची उंची, भिंतीची जाडी. नऊ फूट सात इंच. नऊ फूट सात इंच. माझ्या घरात दोन आवाज घुमत होते. मला इतका आनंद झाला होता की एकदा मी मुद्दाम स्वयंपाकघराचं माप पुन्हा घ्यायला लावलं.

जेवताना तिनं रस्सा पुन्हा मागून घेतला. मी ते मनात टिपून ठेवलं. जेवण झालं, हात धुतले, आणि मी आईच्या खोलीचं दार उघडलं.

ती आत गेली. पडद्याला हात लावला. नव्या चादरीकडं पाहिलं. म्हणाली, "इथं कोन झोपते?"

"कोनी नाई," मी म्हटलं. "तू झोप ना. म्हंजे तू इथं राहाले ये. हॉस्टेल कायले पायजे तुले? पैशागिशाचं काई नाई. सकाई सोबत जाऊ, सोबत येऊ. तुले बरं पडल." इतके दिवस घोटलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं, तेही उलटसुलट.

ती टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग खाली पाहूनच बोलायला लागली.

"काकू, राग नका मानू. घरी आमी सगळ्या बहिनी एका रांगेत झोपतो. झोपेत अंगावर कोनाचा ना कोनाचा हात राहतेच. दार लावून बसाले दारच नाई. हॉस्टेलात मले पयल्यांदा माहा पलंग भेटला. तिथं मी कुठी गेलती, कवा आली, जेवली का नाई, कोनी इचारत नाई. मले ते लय आवडून राह्यलं."

"मीही इचारनार नाई," मी म्हटलं. माझ्या आवाजातली अजिजी मला ऐकू आली.

तिनं वर पाहिलं. "तुमी नाई इचारसान. पन तुमी वाट पाहसान."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, पातोड्या खायला घातल्या याचासुद्धा राग आला. इतकी माणसं घरात असताना हिला एकटेपणाची चैन हवी आहे, आणि मी इथं एका आवाजासाठी पडदे शिवत बसले आहे. त्या रागातच मला हेही कळत होतं की तिच्या बोलण्यात एक अक्षर चुकीचं नाही. मी वाट पाहिलीच असती. पाच वाजल्यापासून दारात उभी राहिले असते, आणि ती आल्यावर आत्ताच आले असं दाखवलं असतं. नळाच्या पाण्याचं, वरणाचं, फुटक्या काचेचं ती मला तक्रार म्हणून सांगत नव्हतीच. स्वतःचं काहीतरी पहिल्यांदा मिळालेला माणूस जसं सगळं सांगतो, तसं सांगत होती. मी फक्त मला हवं तेवढं ऐकलं होतं.

"बरं," मी म्हटलं. मग तिला डबा भरून दिला. तिनं नको म्हटलं नाही, ते बरं केलं. हॉस्टेलचं फाटक बंद व्हायची वेळ होत आली होती. चपला घालताना ती म्हणाली, "काकू, ती एक खोली राह्यली मोजाची."

"मी घेतो मोजून," मी म्हटलं. "टेप ठेवून जाय."

ती कोपऱ्यावरून वळली. वळताना एकदा हात केला. मीही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघायच्या आधी मी आईच्या खोलीत गेले. टेपचं टोक भिंतीशी ठेवलं आणि डबा घेऊन चालू लागले, तर टोक माझ्या मागं सरपटत आलं. परत ठेवलं, त्यावर वही ठेवली. वहीसकट आलं. मग समोरच्या खोलीतली लोखंडी इस्त्री आणून त्या टोकावर ठेवली. जड आहे ती, हलली नाही. मी समोरच्या भिंतीपर्यंत गेले, टेप चांगली ताणली, मध्ये बोटं घातली नाहीत.

"दहा फूट चार इंच," मी मोठ्यानं म्हटलं.

म्हटलं, आणि थांबले. सवय झाली होती. खिडकीतून आलेलं ऊन नव्या चादरीवर पडलं होतं, आणि मी टेप धरून तशीच उभी होते. मग मीच म्हटलं, "दहा फूट चार इंच," आणि लिहून घेतलं.